रोप फुकट द्या, पण खड्डा आधी मागा

साताऱ्याच्या हद्दीवरच्या एका कॉलनीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्याने विचारलं आहे: "आमच्याकडे २८० घरं आहेत. निम्मी बैठी, दोन-अडीच गुंठ्यांच्या प्लॉटवरची, बाकी अपार्टमेंट. गणपतीतून उरलेले चाळीस हजार रुपये आहेत. येत्या ५ जूनला प्रत्येक घराला आंब्याचं एक कलम मोफत द्यायचं ठरवतोय. कलमं कुठून घ्यावीत आणि काय काळजी घ्यावी?"

मी वाईच्या बाजूला २४ वर्षं फळझाडांची नर्सरी चालवते. अशा वाटपांना रोपं पुरवली आहेत, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच गल्ल्यांतून हिंडून किती जगली तेही पाहिलं आहे. त्यावरून सांगते. तुमच्या बेतात चार गोष्टी आधीच ठरल्या आहेत: ५ जून, प्रत्येक घर, आंबा आणि एका दिवसात वाटप. या चारही बदला. हेतू फार चांगला आहे, म्हणूनच रोपं मेली तर वाईट वाटेल.

आधी तारखेचं बघू. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, पाहुणे मिळतात, फोटो होतात. पण तुमच्याकडे त्या दिवशी पाऊस लागलेला नसतो. मृग निघायचं असतं, वळवाचा एखादा शिडकावा झालेला असतो, तेवढंच. लोक रोप घरी नेतात आणि "पाऊस पडला की लावू" म्हणून पायरीवर ठेवतात. काळी पिशवी दुपारी हाताला चटका बसेल इतकी तापते. पिशवीच्या कडेला चिकटलेली पांढरी, कोवळी मुळं तिथेच भाजतात. वरची पानं आठवडाभर हिरवी दिसतात, त्यामुळे कुणाला कळतही नाही. मग पाऊस येतो, रोप लावलं जातं आणि पंधरा दिवसांत वाळतं. लोक म्हणतात, नर्सरीवाल्याने खराब माल दिला. वाटप आर्द्रा लागल्यावर करा, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य. दोन चांगले पाऊस झाले आणि टिकाव मारल्यावर वीतभर खालीही ओल लागली, की दिवस आला समजा.

आता "प्रत्येक घर". सुरुवातीच्या वर्षांत मी एका कार्यक्रमाला चारशे रोपं दिली होती. टेम्पो रिकामा झाला तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या भागात गेले तर निम्मीही उरली नव्हती. कुणी मुद्दाम मारली नव्हती. एका ताईंनी चिकूचं कलम रंगाच्या डब्यात लावलं होतं, कारण त्या तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या आणि "मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं" असं त्यांना वाटलं होतं. एका काकांनी आंबा कंपाउंडच्या भिंतीला चिकटून, सांडपाण्याच्या पाइपावरच लावला होता. एक कुटुंब भाड्याचं होतं, ते घर सोडून गेलं, नव्या लोकांना रोप कुठे आहे हेच माहीत नव्हतं. आम्ही माणसं मोजली होती, जागा मोजल्या नव्हत्या.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक मंडळाला सांगते. रोपाचे पैसे घेऊ नका, खड्डा घ्या. ज्याच्या दारात खड्डा तयार त्याला रोप. वीस-पंचवीस रुपये घेतले म्हणजे लोक काळजी घेतील असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. वीस रुपये कुणीही देतं आणि विसरतं. पण एप्रिलच्या उन्हात मुरमात दोन फूट पहार मारलेला माणूस ते रोप विसरत नाही. शिवाय खड्डा खणताना जागेचं खरं रूप कळतं: खाली खडक आहे, पाण्याची लाईन जाते, शेजाऱ्यांचा सेप्टिक टँक आहे. हे रोप लावायच्या दिवशी कळून उपयोग नाही. घरात फक्त वयस्कर माणसं असतील किंवा कुणाला खणणं जमणार नसेल, तिथे मंडळाच्या पोरांनी जाऊन खणून द्यायचं. सगळ्यांत चांगलं काम तिथेच होतं, आणि अशा घरांत पाणी कधी चुकत नाही.

खड्डे अक्षय्य तृतीयेच्या आसपास काढायला सांगा. पेरू, लिंबू, सीताफळ यांना दोन फूट लांब, रुंद, खोल. आंबा, जांभूळ यांना तीन फूट. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. खड्डा मेभर उन्हात उघडा तापू द्यायचा, म्हणजे हुमणी, वाळवी, बुरशी बऱ्याच कमी होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात वरची माती, दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड असं भरून घ्यायचं, जमिनीपेक्षा चार बोटं वर, कारण पावसाने ते खाली बसतं. मुरूम परत आत टाकू नका, तो आळ्याच्या कडेला लावा. कच्चं शेण कुणी घालत असेल तर थांबवा. ते खड्ड्यात तापतं आणि वाळवीला आमंत्रण देतं.

खड्डे होण्याआधी, मार्चमध्येच, दोघा-दोघांनी गल्लीवार फिरा. हातात वही, पाच-सहा मीटरची टेप. तीनच गोष्टी बघायच्या. ऊन किती तास येतं, भिंतीपासून आणि वरच्या तारांपासून किती अंतर आहे, आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार. तिसऱ्याचं उत्तर "आम्ही सगळे" असं आलं तर पुन्हा विचारा. एक नाव लिहून घ्या, आजींचं असो की आठवीतल्या मुलीचं. २८० घरांतून तुम्हाला झाडाजोगत्या जागा सव्वाशे-दीडशे मिळाल्या तर पुष्कळ झाल्या. तेवढीच झाडं द्या.

आता आंबा. सगळ्यांना आंबा हवा असतो, त्यातही हापूस. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट. त्यात घर, पार्किंग, टाकी वजा केल्यावर जे उरतं त्यात आंबा बसत नाही. बागेत आंब्याला पारंपरिक अंतर दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट धरतात. दरवर्षी फळं उतरल्यावर छाटणी करून तो दहा-बारा फुटांवर ठेवता येतो, पण ते करणारा माणूस हवा. ज्यांच्याकडे मोकळा कोपरा आहे, भिंतीपासून किमान पंधरा फूट आहेत, त्यांनाच द्या, आणि केशर द्या. हापूस कोकणातल्या हवेचा आणि जांभ्या जमिनीचा. घाटावर तो जगतो, पण फळाची ती चव आणि तो भरवसा राहत नाही. केशर घाटमाथ्यापलीकडे जास्त विश्वासाचा आहे.

बैठ्या घरांसाठी माझी पहिली पसंती पेरू. सरदार, ज्याला एल-४९ म्हणतात, तो पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रातच निवडलेला वाण, आपल्या हवेचा. गुटी कलम, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप, लावलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसतं, आणि लवकर फळ दिसलं की माणूस झाडाला धरून राहतो. पावसाळी बहाराच्या फळांत फळमाशीच्या अळ्या होतात हे आधीच सांगून ठेवा. लिंबाएवढी फळं झाली की त्यांना कागदी पिशव्या बांधल्या तर बहुतेक वाचतात. नाहीतर लोक पहिलंच फळ कापून, अळ्या बघून, झाडच तोडतात.

दुसरं लिंबू. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा साई सरबती वाण चांगला आहे. इथे एक उपयोगी गोष्ट: कागदी लिंबाला कलमच हवं असं नाही. त्याच्या एका बीतून बहुधा एकापेक्षा जास्त अंकुर येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच निघतात. म्हणून चांगल्या मातृवृक्षाच्या बियांची रोपं चालतात आणि स्वस्तही पडतात. आंबा आणि चिकू मात्र कलमाचेच. आंब्याची कोय कुठे पडली, काय उगवलं, याला आठ-दहा वर्षं थांबून उत्तर मिळतं.

लिंबावर कोवळ्या फुटीच्या वेळी एक अळी येते. लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. लहान रोपाचा अख्खा शेंडा दोन दिवसांत संपवते. औषध मारायची घाई नको. सकाळी हाताने वेचायची. मुलांना एक अळी बरणीत पानांसकट ठेवायला द्या, पंधरा-वीस दिवसांत तिचं फुलपाखरू होतं. आमच्याकडे या अळीमुळे शाळेतली मुलं झाडांशी जोडली गेली आहेत.

तिसरं सीताफळ, बाळानगर वाणाचं कलम. पाणी कमी लागतं, मुरूम चालतो, आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. कंपाउंडबाहेरच्या पट्टीत लावायचं असेल तर हेच लावा. करवंद, कोकणच्या विद्यापीठाचं 'कोकण बोल्ड', कुंपणाला लावता येतं.

आवळ्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण कॉलनीत लावण्यासारखं हे झाड आहे. आवळा एकटा लावला तर फुलतो खूप आणि धरतो कमी. त्याला जवळपास दुसऱ्या जातीचा आवळा लागतो. एका घरात दोन आवळे लावायला जागा नसते, पण तुम्ही गल्लीभर वाटप करताय. एका घरी कृष्णा द्या, समोरच्या घरी कांचन, कोपऱ्यावर एन. ए. ७. कोणत्या दारी कोणती जात गेली ते वहीत लिहा. एकाच्या झाडाला फळ शेजारच्या झाडामुळे धरतं हे लोकांना कळलं की ते शेजाऱ्याच्या झाडालाही पाणी घालतात. मी हे होताना पाहिलंय.

जांभूळ आणि फणस घरात नकोत, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये लावा. जांभूळ पार्किंगवर आलं तर डागांवरून भांडणं होतात. कोकण बहाडोली हा मोठ्या फळाचा वाण आहे, त्याचं कलम चार-पाच वर्षांत फळावर येतं. ओपन स्पेसवर लावण्याआधी नगरपालिकेकडून लेखी परवानगी घ्या. आणि लोकांना हेही सांगा की शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते, स्वतःच्या प्लॉटमधलं असलं तरी. म्हणून भिंतीजवळ मोठं झाड लावून "पुढे बघू" म्हणणं चुकीचं आहे.

अपार्टमेंटवाल्यांना वगळू नका, पण त्यांना जमिनीतलं झाड देऊन फसवूही नका. दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापला की दोन कुंड्या होतात. त्यात डाळिंब, लिंबू, अंजीर छान येतात. ओल्या मातीचा अर्धा ड्रम सव्वाशे-दीडशे किलो भरतो. तो गच्चीच्या मध्यावर नाही, खालच्या कॉलम-बीमच्या रेषेवर ठेवायचा, विटांवर, तळाला भोकं पाडून, सोसायटीची संमती घेऊन. ज्यांना तेही जमत नाही त्यांना ओपन स्पेसमधल्या एकेका झाडाचं पालकत्व द्या, पाण्याच्या वारांसकट. भाडेकरूंनाही ड्रमच बरा, घर बदललं तरी झाड सोबत जातं.

रोपं कुठून? फळझाडांची नर्सरी चालवायला आपल्या राज्यात परवाना लागतो, १९६९ चा कायदा आहे. परवाना पाहा, पावती घ्या, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या. दापोली, राहुरी या विद्यापीठांच्या नर्सरीत आधी नोंदणी केली तर उत्तम, पण मेमध्ये जाऊन ऐनवेळी मिळेलच असं नाही. फेब्रुवारीतच बोला. आणि टेम्पो भरण्याआधी स्वतः जा. सगळ्यांत उंच रोप निवडू नका. लहान पिशवीत कमरेएवढं वाढलेलं रोप म्हणजे आत मुळांचा गुंता झालेला असतो. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत गेलं असेल तर ते सोडा. दीड-दोन फुटांचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं, सांधा (खालचा खुंट आणि वरची जातिवंत काडी जोडतात ती जागा) पक्का जुळलेलं कलम घ्या.

सांध्याचं एक उदाहरण सांगते. एका आजींनी मला मोठ्या कौतुकाने आंबा दाखवायला नेलं. पाच वर्षांचं झाड, खांद्याच्या वर गेलेलं, पानं तकतकीत. "मोहोर तेवढा येत नाही बघ." मी खाली वाकून बुंधा पाहिला. जमिनीपासून वीतभर वर एक काळं, वाळलेलं खुंटुक होतं, करंगळीएवढं, आणि त्यावर कलम बांधतानाची प्लॅस्टिकची पट्टी अजून होती. पट्टी सालीत रुतून साल दोन्ही बाजूंनी फुगली होती. केशर त्या पट्टीने गळा आवळला जाऊन पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मेला होता. आजींनी पाच वर्षं प्रेमाने वाढवला तो खालचा खुंट होता, कोयीचा रायवळ. त्यांना ते सांगताना मला फार जड गेलं. चूक त्यांची नव्हतीच. रोप देताना ते कुणीतरी सांगायला हवं होतं, पट्टी सोडून दाखवायला हवी होती.

म्हणून वाटप स्टेजवरून करू नका. एका रविवारी एक गल्ली, पंचवीस-तीस झाडं. पहिलं झाड सगळ्यांसमोर लावून दाखवा. पिशवी ब्लेडने उभी चिरायची, मातीचा गड्डा दोन्ही हातांत धरायचा, शेंडा धरून उचलायचं नाही. तळाशी वळलेली मुळं असतील तर तेवढी कापायची. सांधा मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. पट्टी हिरवी साल न दुखवता सोडायची, सांधा कच्चा वाटला तर महिन्याने. सांध्याखाली जो फुटवा येईल तो अंगठ्याने मोडायचा, आज आणि पुढेही प्रत्येक वेळी. काठी पश्चिमेच्या बाजूला रोवायची, कारण पावसाळ्यात तुमच्याकडे वारा तिकडूनच झोडपतो. सुतळीने आवळू नका, जुन्या साडीची चिंधी इंग्रजी आठासारखी सैल बांधा. बुंध्याभोवती माती थोडी उंच, म्हणजे पाणी खोडाशी साचत नाही. चिरलेल्या पिशव्या तिथेच गोळा करा. नाहीतर पुढच्या पावसात त्या गटारात सापडतात.

लावलेलं झाड पावसाळाभर स्वतःच जगतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर. थंडीत चार-पाच दिवसांनी एक बादली, मार्चपासून दोन दिवसांनी, मेमध्ये दिवसाआड, संध्याकाळी. आळ्यात उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, तुमच्याकडे ते कुठल्याही गुऱ्हाळाजवळ मिळतं. त्याने पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं. पाचट खोडाला टेकवू नका. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. गावाला जाणाऱ्यांनी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं आळ्यात पुरून भरून जावं. चार-पाच दिवस निघतात.

राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत शेतकऱ्याला अनुदान एकदम मिळत नाही. तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि ते झाडं जगली आहेत का हे बघून. हा विचार तुमच्या चाळीस हजारांना लावा. निम्मेच पैसे रोपांवर घाला. पेरू-लिंबाच्या रोपांना कमी लागतात, आंब्याचं चांगलं कलम शंभर-दोनशेच्या घरात जातं. मिश्र यादी केली तर वीस हजारांत जागांपुरती बरीचशी रोपं होतात, कमी पडली तर उरलेल्या जागा पुढच्या वर्षीवर ठेवा. दहा-बारा हजार शेणखत, पेंड, काठ्या आणि गुरं येतात तिथे जाळी यांवर. उरलेले आठ-दहा हजार पुढच्या जूनपर्यंत हात लावू नका, ते नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला.

नांग्या पडणारच. दहा-पंधरा रोपं जादा घेऊन ती मोठ्या पिशव्यांत, कुणा एकाच्या अंगणात सावलीला वाढवत ठेवा. दसऱ्याला, शिवरात्रीला आणि मेअखेर अशा तीन फेऱ्या मारा, तीच वही घेऊन. मेलं असेल तिथे रागावू नका, का मेलं ते लिहा. वाळवी, पाणी, गाय, की जागाच चुकली. जागा चुकली असेल तर तिथे पुन्हा रोप देऊ नका.

शेवटी फळाचं, कारण तो प्रश्न प्रत्येक दारात येणार. पेरू दोन-तीन वर्षं, सीताफळ आणि लिंबू तीन-चार, आंबा चार-पाच. कलमी आंब्याला दुसऱ्याच वर्षी मोहोर येतो आणि लोक आनंदाने मला फोटो पाठवतात. तो मोहोर खुडायला सांगा. पहिली तीन वर्षं. हात धजत नाही, माझाही धजायचा नाही. पण एवढ्याशा झाडाने एक आंबा वाढवायचा म्हटलं तर त्याची वर्षाची वाढ त्यातच जाते. वहीत आंबा असलेल्या घरांपुढे खूण करून ठेवा आणि मोहोराच्या दिवसांत, जानेवारीत, स्वतः त्या दारांवर जाऊन या.